केरींची तसबीर आणि नागपूरचे वैजनाथ पंडित

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने घराची डागडुजी केली, भिंतींना नवा रंग दिला आणि गृहाशीर्वादासाठी आम्हांस बोलाविले. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झाले, चहा आला. घरातील वृद्ध आजी काढून ठेवलेल्या तसबिरी पुन्हा जागच्या जागी लावून घेण्याच्या गडबडीत होत्या. येशूचे पवित्र हृदय, वेलांकनीमाता, पादुआचे संत अंतोनी, आणि या तिघांच्या रांगेत बसणारी चौथी एक काळीपांढरी तसबीर. कागद पिवळा पडलेला, त्यावर दमटपणाचे तांबूस ठिपके. पण हार मात्र चारही तसबिरींना सारखाच, झेंडूचा.

आजींची नात यंदाच महाविद्यालयात जाऊ लागली आहे. ती चौथी तसबीर पदराने पुसावी तशी ओढणीने पुसून तिने आमच्या हाती दिली व म्हणाली, "फादर, हे कोणते संत? आजी म्हणते, हे पुस्तकांचे संत. परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळी भावंडं यांच्या पाया पडूनच घराबाहेर पडतो."

आम्ही तसबीर खिडकीशी नेली. काळा कोट आणि गळ्याशी पांढरे वस्त्र घातलेले एक युरोपीय गृहस्थ मेजाशी बसले आहेत. हातात लेखणी, पुढे कागद. त्यांच्या शेजारी शुभ्र वस्त्रातील एक भारतीय पुरुष. खालची नावाची ओळ फ्रेमवाल्याने चौकटीत बसविण्याकरिता कधीकाळी कापून टाकलेली. तरीही ओळख पटायला वेळ लागला नाही. मुद्रणकलेच्या इतिहासावरील पुस्तकांत हे चित्र आम्ही अनेकदा पाहिले होते. हे होते विल्यम केरी, श्रीरामपूरचे बाप्टिस्ट मिशनरी. इंग्लंडमधील प्युरिटन परंपरेत वाढलेला धर्मोपदेशक! ज्यांच्या पूर्वजांनी चर्चमधील संतांचे पुतळे हातोड्याने फोडले, त्यांच्यातला एक जण नागपुरातील एका कॅथलिक घरात झेंडूचा हार घालून, संत अंतोनींच्या शेजारी बसला होता.

आम्ही हे सांगितले तेव्हा आजींचा चेहरा उतरला. "म्हणजे फादर, हे आपले नव्हेत का?" एवढेच त्यांनी विचारले. त्यांचे सासरे एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळविता जुळविता त्यांना पुस्तकांची गोडी लागली आणि एका फाटक्या, टाकाऊ ग्रंथातून हे चित्र त्यांनी घरी आणले. सासऱ्यांनी लावलेली तसबीर सुनेने पन्नास वर्षे सांभाळली. त्या प्रश्नाला चहाच्या पेल्यावर उत्तर देणे आम्हांस जमले नाही. "पुढच्या खेपेस सांगतो" असे म्हणून आम्ही निघालो. पुढे जे वाचले व आठवले ते आजींना सांगितलेच, परंतु हा प्रश्न केवळ त्या एका घराचा नाही असे वाटल्यावरून ते येथे मांडीत आहोत.

प्रथम चित्राविषयी. हे छायाचित्र नव्हे. केरींच्या उमेदीच्या काळात छायाचित्रणाचा शोध लागायचा होता. रॉबर्ट होम नावाचे इंग्रज चित्रकार कलकत्त्यास व्यवसाय करीत असत. त्यांनी १८१२ च्या सुमारास केरींचे तैलचित्र रंगविले. ते इंग्लंडला गेले आणि त्यावरून कोरीव चित्रे निघाली. विल्यम हेन्री वर्दिंग्टन यांनी कोरलेले चित्र त्यांतले जुने होय. आपल्या आजींच्या घरची प्रत त्या पहिल्या छपाईतील नसावी. एकोणिसाव्या शतकातील चरित्रग्रंथांतून हे चित्र पुनःपुन्हा छापले गेले, त्यांतील ती एक.

कोरीव चित्र म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांस ठाऊक असेलच असे नाही. तांब्याचा सपाट, घासून आरशासारखा केलेला पत्रा घ्यायचा. पोलादी कोरणीने त्यावर एकेक रेघ खोदायची. छापताना डावे उजवे होत असल्याने सगळे चित्र उलटे कोरावे लागते. तेवढे विसरले तर लेखणी माणसाच्या डाव्या हातात जाते! गालावरची सावली, कोटाचा काळेपणा, केसांची विरळ बट, हे सारे केवळ रेघांच्या दाटीतून नि विरळपणातून साधायचे. कोरून झाल्यावर पत्र्याला शाई चोपडायची, वरचा भाग स्वच्छ पुसून काढायचा. खाचांत उरते तेवढीच शाई. मग ओलसर कागद वर ठेवून जड रुळाखालून पत्रा काढला की कागद खाचांत शिरून शाई उचलतो. अक्षरांच्या खिळ्यांची रीत याच्या नेमकी उलट. तेथे उंचवट्याला शाई लागते, येथे खोलगटाला. म्हणून एकाच यंत्रावर मजकूर आणि असे चित्र छापता येत नसे. चित्र वेगळे छापून मुखपृष्ठासमोर चिकटवीत आणि त्यावर पातळ कागदाचे आच्छादन घालीत. आजींच्या सासऱ्यांना ते पान पुस्तकातून अलगद सोडविता आले याचे रहस्य हेच.

आता प्युरिटन म्हणजे कोण? सोळाव्या शतकात इंग्लंडचे राज्य रोमपासून तुटले. तरी नव्या राजधर्मात जुन्या उपासनेचे पुष्कळ अवशेष उरले, असे काही कडव्या सुधारकांना वाटत होते. धर्मगुरूंचे झगे, संतांचे सण, वेदीची सजावट, मूर्ती आणि रंगीत काचचित्रे हे सर्व झाडून काढून चर्च 'शुद्ध' करावे असा त्यांचा आग्रह. म्हणून ते प्युरिटन. जिनिव्हाच्या कॅल्व्हिनची शिकवण हा त्यांचा आधार. सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या काळात विल्यम डाउसिंग नावाचा गृहस्थ सरकारी अधिकारपत्र घेऊन केंब्रिजशर व सफोकमधील चर्चमागून चर्च पालथे घालीत गेला. जेथे चित्र वा मूर्ती दिसली तेथे ती फोडविली, आणि या कामाची रोजनिशीही लिहिली. पुढे राजा परत आला, आणि १६६२ च्या कायद्याने सुमारे दोन हजार उपदेशकांवर आपली चर्चे सोडण्याची पाळी आली. जे छळणारे होते तेच छळ सोसणारे झाले. इतिहासात असे चक्र फिरतच असते.

याच लोकांनी आपल्या आवडत्या उपदेशकांच्या प्रवचनसंग्रहांत, पहिल्या पानासमोर, त्यांचे कोरीव चित्र घालण्याची प्रथा वाढविली! रिचर्ड बॅक्स्टर यांचा चेहरा रॉबर्ट व्हाइट या कोरणाऱ्याने तांब्यावर उतरविला. त्याच व्हाइटने जॉन बन्यनचेही चित्र काढले. बन्यन म्हणजे ज्यांच्या रूपककथेचे मराठी रूप हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने सिद्ध केले, ते. प्युरिटनांच्या भिंतीवर संत नव्हता, परंतु पुस्तकात पास्टर होता. ही विसंगती दाखवून त्यांची थट्टा करावी असे आम्हांस सेमिनरीच्या दिवसांत वाटत असे. आता वाटत नाही. ज्याच्या शब्दाने आपले जीवन पालटले त्याचा चेहरा पाहावा ही इच्छा माणसाच्या हाडामांसातच असावी. हातोड्याने ती निघत नाही.

केरी या कुळातले. १७६१ साली नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात विणकराच्या घरी जन्मले. चांभाराकडे उमेदवारी केली, जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकले. १७८३ मध्ये बाप्टिस्ट रीतीने त्यांचा नदीत स्नानसंस्कार झाला. हे बाप्टिस्ट कॅल्व्हिनमताचे, म्हणजे प्युरिटनांचे वारसच. १७९२ मध्ये त्यांनी परदेशी सुवार्ताप्रसाराविषयी एक छोटे पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १७९३ मध्ये, कुटुंबासह ते कलकत्त्यास उतरले. पुन्हा मायदेशी गेले नाहीत. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून १८०० साली त्यांनी डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूर येथे बिऱ्हाड थाटले व छापखाना घातला. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी फोर्ट विल्यम कॉलेज काढले. तेथे १८०१ पासून केरी बंगाली व संस्कृत शिकवू लागले, आणि पुढे मराठीही. पगार आधी महिना पाचशे रुपये, नंतर हजार. त्यांतला फार मोठा वाटा मिशनच्या कामाला जाई.

मराठी! ज्या माणसाने महाराष्ट्रात कधी पाऊल ठेवले नाही त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. त्याच वर्षी श्रीरामपूरहून संत मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश आला, त्यातील मराठी शब्द मोडी अक्षरांत. १८११ मध्ये संपूर्ण नवा करार आला. हे सगळे एकट्या केरींनी केले असे मानणे भाबडेपणाचे होईल. मराठी त्यांच्या कानांवर कोठून पडली?

येथे आपले नागपूर येते.

फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचे मुख्य पंडित होते वैजनाथ शर्मा. ते नागपूरकडचे. व्याकरणाच्या प्रस्तावनेत केरींनी त्यांच्या साहाय्याचा उल्लेख केला आहे. नागपूरचा पंडित कलकत्त्यास कसा, असे कोणास वाटेल. परंतु त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. रघूजी भोसले दुसरे यांचे राज्य तेव्हा थेट कटकपर्यंत पसरले होते, आणि त्यापलीकडे लगेच कंपनीचा बंगाल. १७९९ मध्ये हेन्री कोलब्रुक हे संस्कृतचे मोठे अभ्यासक कंपनीचे वकील म्हणून नागपूर दरबारी आले व दीडदोन वर्षे राहिले. १८०३ मध्ये युद्ध झाले. अडगावला भोसल्यांचा पराभव झाला, गाविलगड पडला, डिसेंबरात देवगावचा तह होऊन कटक आणि वऱ्हाड हातचे गेले. ज्या कंपनीला मराठ्यांशी लढायचे, तह करायचे आणि त्यांचे खलिते वाचायचे, तिला मराठी जाणणारे साहेब हवे होते. व्याकरण १८०५ चे आहे हे लक्षात घेतले म्हणजे बाकीचे सांगावे लागत नाही. केरींना भाषा हवी होती शुभवर्तमानासाठी, कंपनीला हवी होती राज्यासाठी. दोघांचा पंडित एकच.

वैजनाथांनी केवळ साहाय्य केले नाही, स्वतः ग्रंथही केले. 'सिंहासन बत्तिशी' १८१४ मध्ये, 'हितोपदेश' १८१५ मध्ये, 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' १८१६ मध्ये, सर्व श्रीरामपूरच्या छापखान्यात मोडी अक्षरांत निघाले. 'रघूजी भोसल्यांची वंशावळी' हे पुस्तकही तेथलेच. नागपूरच्या राजघराण्याची वंशावळ हुगळीच्या काठी, बाप्टिस्ट मिशनच्या छापखान्यात छापली जावी, या योगायोगाचे आम्हांस कौतुक वाटते. मराठीच्या छापील गद्याने पहिली पावले टाकली तेव्हा त्याला बोट धरून चालविणारा हात नागपूरचा होता. त्याबद्दल पुढे नावे ठेवली गेली. श्रीरामपूरच्या मराठीला नागपूरकडील वळण आहे, ती मुंबई-पुण्याकडे नीट समजत नाही, अशी तक्रार झाली. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी (हे तर न्यू इंग्लंडमधील अस्सल प्युरिटनांचे वंशज) ते भाषांतर बाजूला ठेवून स्वतःचे आरंभिले आणि १८२६ मध्ये आपला नवा करार छापला. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश आला आणि केरींचा कोश मागे पडला. तक्रारीत तथ्य होतेच. श्रीरामपूरची मराठी कित्येकदा अडखळते. एकाच वेळी डझनावारी भाषांत कामे काढली की तसे व्हायचेच. तरीही 'नागपूरची भाषा म्हणजे अशुद्ध भाषा' हा जो शेरा आमच्या पिढीने शाळेत ऐकला त्याचे मूळ किती जुने आहे, हे वाचताना जाणवले. परीक्षकांची भाषा ती शुद्ध, आणि परीक्षक बहुधा पुण्याचे!

अक्षरांचे खिळे कोणी पाडले तेही सांगावयास हवे. पंचानन कर्मकार या लोहाराच्या कुळातील कारागिराने श्रीरामपूरला ही विद्या आणली, त्यांचे जावई मनोहर यांनी ती पुढे अनेक दशके चालविली. ११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्याला आग लागली. हस्तलिखिते जळाली, कागद जळाला, खिळ्यांचा रस झाला. पण पोलादी ठसे राखेखाली शाबूत सापडले आणि त्यांवरून पुन्हा खिळे ओतता आले. आगीची वार्ता इंग्लंडला पोहोचताच सुमारे दहा हजार पौंडांचे नुकसान तेथील लोकांनी वर्गणीने भरून काढले. केरींचे नाव घरोघर झाले. आपल्या पैशाने चाललेले काम करणारा माणूस दिसतो तरी कसा, ही उत्सुकता त्या वर्गणीदारांना होती. कोरीव चित्राला जो खप मिळाला त्यामागे ही आग होती.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळतो. हे आपले की परके?

आपल्या समाजात अशा वेळी एक ठरलेले उत्तर दिले जाते, आणि तेच आमच्याही जिभेवर प्रथम आले. ते असे की, केरींचे कौतुक कशाला, त्यांच्या आधी दोनशे वर्षे आपले फादर स्टीफन्स होऊन गेले! हे खरेच आहे. टॉमस स्टीफन्स इंग्लंडचेच. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक म्हणून राहणे धोक्याचे झाले. त्यांचे मित्र टॉमस पाउंड तुरुंगात पडले. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, अस्सल मराठीत. ज्या मातीतून प्युरिटन निघाले त्याच मातीतून, त्याच छळाच्या काळात, ते निघाले. एक रोमशी निष्ठा राखून, दुसरे रोमला टाकून. दोघेही शेवटी मराठीच्या दारी आले.

इतके सांगून थांबले तर अभिमान शाबूत राहतो. पण प्रामाणिकपणे पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. छापखाना गोव्यात १५५६ मध्ये आला. साऱ्या भारतात पहिला. मग देवनागरी वा मोडी अक्षरांत मराठी पुस्तक छापायला १८०५ का उजाडावे लागले, आणि तेही बंगालमध्ये, बाप्टिस्टांच्या हातून?

स्टीफन्सना देशी अक्षरांचे महत्त्व कळले होते. १६०८ मध्ये त्यांनी रोमला, संघाच्या मुख्याधिपतींना, पत्र लिहून या देशाच्या लिपीचे ठसे पाडण्याची परवानगी मागितली. अडचणही मांडली. युरोपात चोवीस अक्षरांनी भागते, येथे जोडाक्षरे व काना-मात्रा धरून सहाशे ठसे लागतील, मात्र युक्तीने ते दोनशेवर आणता येतील. चारशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने केलेला हा हिशेब वाचताना आम्हांस भरून आले. ते ठसे पडले नाहीत. 'क्रिस्तपुराण' रोमन अक्षरांतच निघाले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पण सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातील छपाईच बंद पडली. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. राज्यकर्त्यांच्या पाठीशी धर्माधिकारीही होते. 'क्रिस्तपुराणा'च्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी हाताने नकलून ठेवलेल्या पोथ्यांवरून सालढाणांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले तेव्हा कोठे ते अभ्यासकांस वाचावयास मिळाले. म्हणजे फादर स्टीफन्सना प्युरिटनांनी पुसले नाही. आपल्याच घरात ते विसरले गेले. पोथी जपली ती साध्या श्रद्धाळू कुटुंबांनी, आजींनी तसबीर जपली तशी.

हे लिहिताना आमचा हात जरा अडखळला हे कबूल करतो. सेमिनरीत असताना एका वादविवादस्पर्धेत आम्ही 'आम्ही आधी, ते नंतर' हाच मुद्दा आवेशाने मांडून बक्षीस मिळविले होते. आधी असणे म्हणजे टिकविणे नव्हे, हे त्या वयात सुचले नाही. परीक्षकांनाही सुचले नाही.

एक गंमत याच संदर्भात सांगून टाकतो. आमच्या नागपूर धर्मप्रांताचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे. १८८७ मध्ये येथे धर्मप्रांत स्थापन झाला त्याआधीपासून, आनसीहून आलेल्या त्यांच्या नावाच्या संघाने येथे सेवा केली. हे संत फ्रान्सिस जिनिव्हाचे बिशप. पण त्यांना जिनिव्हात राहता येत नव्हते, कारण ते शहर कॅल्व्हिनपंथीयांचे! आनसीत राहून त्यांनी काम केले. तरुणपणी शाब्ले प्रांतात प्रवचन ऐकायला कोणी येईना तेव्हा त्यांनी पत्रके लिहून लोकांच्या दाराखालून सरकविली. म्हणूनच १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरविले. खरे 'पुस्तकांचे संत' म्हणावयाचे तर हेच. त्यांचा ईश्वरप्रेमावरचा मोठा ग्रंथ १६१६ चा, 'क्रिस्तपुराणा'च्याच वर्षाचा. कॅल्व्हिनच्या अनुयायांशी जन्मभर वाद घालूनही त्यांनी जीभ कडू होऊ दिली नाही. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश काढला, त्याची चाल संत फ्रान्सिसना परकी वाटली नसती.

तेव्हा केरी आपले नव्हेत असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही, आणि ते संत आहेत असेही आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या घराची दुसरी बाजूही आहे. त्यांची पत्नी डोरोथी मनाविरुद्धच या देशात आली. येथे आल्यावर वर्षभराच्या आत पाच वर्षांचा पीटर गेला. त्या धक्क्यातून तिचे मन सावरले नाही, आणि डिसेंबर १८०७ मध्ये मरेपर्यंत ती भ्रमिष्टच राहिली. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश चाललेला असताना केरी आपल्या खोलीत भाषांतरे तपाशीत बसत. चित्रातील त्या शांत मुद्रेकडे पाहताना हे विसरता येत नाही. कोरणी शांतपणा छान कोरते. दाराआडचा आवाज तिला कोरता येत नाही.

आणि चित्रातील तो दुसरा पुरुष? आजींना तो केरींचा सेवक वाटत असे. नातीला वाटे, तो बाप्तिस्मा घ्यायला आलेला कोणी. परंपरेने त्याची ओळख मृत्युंजय विद्यालंकार अशी सांगतात. हे फोर्ट विल्यम कॉलेजातील बंगालीचे मुख्य पंडित, मोठे संस्कृतज्ञ, बंगाली गद्याच्या आद्य लेखकांपैकी एक. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, नि केरींना शिकविणेही सोडले नाही. तसबिरीत बसलेला विद्यार्थी आहे तो लेखणीवाला, आणि गुरू शेजारचा. पाहणारे दोनशे वर्षे उलटेच समजत आले. आमचे वैजनाथ तर या चित्रातही नाहीत. बंगालीच्या पंडिताला निदान चेहरा मिळाला, मराठीच्या पंडिताच्या वाट्याला पुस्तकाच्या पानावरचे नाव आले.

असे आपल्या शहरात पुढेही घडले. १८४५ मध्ये स्कॉटलंडचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले. तेही कॅल्व्हिनपरंपरेतलेच. खडक, जीवाश्म, गोंडांच्या चालीरीती, सारे त्यांनी टिपले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची पुरातन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून नागपुरात आहे. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्यांत गोंडांच्या लिंगोचे दीर्घ गीत आहे. ते एका प्रधानाने म्हणून दाखविले आणि हिस्लॉपनी उतरवून घेतले. हिस्लॉपचे नाव नागपुरात रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. गाणारा तो प्रधान मात्र 'एक प्रधान' एवढाच राहिला.

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो तो दिवाळीनंतर. आजींना हे सारे, चरित्रातील सनावळ्या गाळून, सांगितले. त्यांनी डोरोथीचे ऐकून "बिचारी बाई" म्हटले व बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, हार घालू की नको?" हार संतांना असू द्या, तसबीर मात्र खाली उतरवू नका, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली. पवित्र हृदयाच्या रांगेतून ती काढून नातीच्या अभ्यासाच्या मेजावर लावली. परीक्षेच्या दिवशी भावंडे तिच्या पाया पडतात की नाही, हे आम्ही विचारले नाही.

नातीचा हट्ट निराळाच होता. फ्रेमवाल्याने नाव कापले तर आपण लिहू या, ती म्हणाली. तिने जाड कागदाची पट्टी कापली आणि सुवाच्य अक्षरांत 'विल्यम केरी' आणि 'मृत्युंजय विद्यालंकार' अशी दोन नावे, ज्याचे त्याच्याखाली, लिहून काचेखाली सरकविली. मग तसबिरीच्या पाठीमागे वैजनाथांचे नाव तिला हवे होते, आणि तेही मोडीत. आमची मोडी कच्ची. धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांनी, लहानपणी वडिलांच्या हिशेबाच्या वह्यांवरून शिकलेल्या वळणाने, ते लिहून दिले. तिला ते वाचता आले नाही. सरांनी एकेक अक्षर बोटाने दाखवीत वाचून दाखविले, "वैजनाथ शर्मा, नागपूर," आणि ती पाठीमागची बाजू वर करून तसबीर त्या दिवसापुरती तशीच मेजावर ठेवून दिली.